व्हीपीएन आणि नोंदवही : विश्वास ठेवायचा कुणावर?

मागच्या व्याख्यानात आपण खासगीपणाचा विचार केला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी तो मूलभूत हक्क ठरवला, इथपर्यंत आलो होतो. आज त्याची व्यवहारातली बाजू पाहू. शहापूर-मुरबाडकडच्या तरुणांच्या मोबाईलपर्यंतही आता व्हीपीएन पोचलंय. ते नेमकं काय लपवतं आणि कुणापासून?

आपल्या शहापूर तालुक्यातलं तानसाचं पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईला जातं. नळाशेजारून चालणाऱ्याला आतलं पाणी दिसत नाही. पण पाणी सोडणाऱ्याला ते कधी सोडलं, किती सोडलं, हे ठाऊक असतं. व्हीपीएनचं तसंच आहे. मोबाईल कंपनीला आपण कोणती साइट उघडली ते दिसत नाही. व्हीपीएन कंपनीला मात्र ते कळू शकतं. म्हणजे विश्वास ठेवावा लागतोच, फक्त माणूस बदलतो.

आता नोंदी, म्हणजे लॉग. काय पाहिलं याची नोंद वेगळी आणि कुठून, किती वाजता जोडले गेलो याची वेगळी. दुसरी निरुपद्रवी वाटते. पण समोरच्या साइटकडेही वेळेची नोंद असते. दोन्ही शेजारी ठेवल्या की माणूस सापडतो! २०१७ साली अमेरिकेत एका महिलेचा ऑनलाइन छळ करणाऱ्याचा माग काढताना प्युअरव्हीपीएनच्या नोंदी एफबीआयच्या उपयोगी पडल्या. 'आम्ही लॉग ठेवत नाही' अशी त्या कंपनीची जाहिरात होती. छळणारा सापडला, हे चांगलंच झालं. पण दिलेल्या शब्दाचं काय? खरा पेच इथे आहे.

भारतात सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला : व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, दिलेले आयपी पत्ते, सेवा घेण्याचा हेतू, हे सारं सेवा बंद झाल्यावरही किमान पाच वर्षं जपावं. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हरच हटवले. सरकारची बाजू गुन्ह्याच्या तपासाची आहे आणि ती पोकळ नाही. परंतु एका गुन्हेगारासाठी हजारो निरपराधांची वही पाच वर्षं सांभाळली, तर ती चोरीला जाण्याचा धोकाही पाच वर्षं राहतो.

'आम्ही पाहणार नाही' हे वचन झालं. 'आमच्याकडे पाहण्यासारखं काही उरतच नाही' ही व्यवस्था झाली. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनमध्ये मुलवाड या कंपनीच्या कार्यालयात पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन गेले आणि ग्राहकांची माहिती न घेताच परतले. ती तिथे नव्हतीच.

तेव्हा व्हीपीएन घेताना आपण तीनच प्रश्न विचारू. कोणती नोंद ठेवता? किती दिवस? आणि फुकट देत असाल, तर तुमचा खर्च कोण भागवतं? उत्तर नीट मिळालं नाही, तर नळ कुणाच्या हातात आहे ते आपल्याला माहीत नाही, असं समजावं.