मोझार्टच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोच्या जुन्या आवृत्त्यांचा माग

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील एखादी रचना नव्या, स्वच्छ छपाईत सहज विकत मिळत असतानाही वादक आणि अभ्यासक तिची दोनशे वर्षांपूर्वीची, केव्हाच बाजारातून गेलेली आवृत्ती का शोधतात, याचे उत्तर मोझार्टच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोच्या इतिहासात सापडते. कॉन्चेर्टो म्हणजे एक प्रमुख वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठी बांधलेली, बहुधा तीन भागांची रचना. महाराष्ट्राला मुख्यतः वरातीच्या बँडमधून परिचित असलेल्या या वाद्यासाठी मोझार्टची अशी एकच पूर्ण रचना आहे आणि ती त्याने १७९१ मध्ये, ५ डिसेंबरला झालेल्या मृत्यूच्या काही आठवडे आधी पुरी केली. तिचे मूळ हस्तलिखित मात्र आज उपलब्ध नाही.

ही रचना व्हिएन्नाच्या दरबारी वाद्यवृंदातील आंतोन श्टाडलर या वादकासाठी होती. तेओडोर लोट्झ या कारागिराच्या साहाय्याने श्टाडलरने आपल्या क्लॅरिनेटचा खर्ज वाढवून घेतला होता, त्यामुळे नेहमीचे वाद्य ज्या ‘ई’ स्वरावर थांबते त्याच्या खाली आणखी चार अर्धस्वर उतरून ते ‘सी’पर्यंत पोहोचत असे. या वाद्याला आज बॅसेट क्लॅरिनेट म्हणतात. मोझार्टची पत्नी कॉन्स्टान्झे हिने १८०० मध्ये प्रकाशक आंद्रे याला लिहिलेल्या पत्रानुसार, हस्तलिखितांची पेटी जर्मनीत चोरीला गेल्याचे श्टाडलर सांगत असे, तर ती त्याने ७३ डुकाटांना गहाण टाकल्याचे इतरांचे म्हणणे होते. कॉन्चेर्टोचे हस्तलिखित त्याच पेटीत होते किंवा नाही, हे त्या पत्रावरून ठरत नाही.

१८०१ च्या सुमारास ओफेनबाखचा आंद्रे, लाइपझिगची ब्राइटकॉफ उंड हेर्टेल ही संस्था आणि पॅरिसचा झीबर यांनी ही रचना छापली, परंतु श्टाडलरसारखे वाद्य फारसे कोणाजवळ नसल्यामुळे खर्जातील स्वर एक सप्तक वर उचलून ती नेहमीच्या क्लॅरिनेटला जमेल अशी करण्यात आली. खाली उतरत जाणारी स्वरांची ओळ मध्येच तुटून वर उडी घेते, अशा जागा या फेरफारामुळेच निर्माण झाल्या. मार्च १८०२ मध्ये लाइपझिगच्या ‘आलगेमाइने मुझिकालिशे त्साइटुंग’ या नियतकालिकात आलेल्या निनावी परीक्षणात हा बदल उघड केलेला असून काही जागांचे मूळ रूपही तेथे स्वरलिपीत छापलेले आहे. मूळ स्वर तसेच ठेवून पर्याय लहान अक्षरांत द्यायला हवा होता, असेही परीक्षकाने सुचवले. या नियतकालिकाची प्रकाशक ब्राइटकॉफ उंड हेर्टेल हीच संस्था होती, ही गोष्ट त्या काळच्या संपादकीय मोकळेपणाबद्दल बरेच सांगून जाते.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेपुढे शेकडो पोथ्या होत्या. या कॉन्चेर्टोच्या संपादकापुढे मात्र बदललेल्या छापील प्रती, ते परीक्षण आणि स्वित्झर्लंडमधील व्हिंटरथुर येथे जपलेला पहिल्या भागाचा १९९ मात्राखंडांचा एक कच्चा मसुदा एवढीच सामग्री असते, शिवाय तो मसुदा बॅसेट हॉर्न या वेगळ्या वाद्यासाठी आहे. म्हणूनच येथे पहिली आवृत्ती संग्राहकांच्या हौसेची वस्तू राहत नाही, ती पुराव्याच्या जागी येते.

अशी आवृत्ती ओळखणे मात्र कठीण असते, कारण त्या काळच्या संगीतमुद्रणावर वर्ष क्वचितच छापलेले असे. स्वरलिपी धातूच्या पत्र्यांवर कोरली जाई आणि प्रत्येक पानाच्या तळाशी प्रकाशकाचा अनुक्रमांक असे. त्या क्रमांकांची तुलना करून साधारण वर्ष ठरवता येते आणि ओटो एरिश डॉइच या अभ्यासकाने १९४६ मध्ये अशा क्रमांकांची सूचीच प्रसिद्ध केली. तेच पत्रे पुढे अनेक वर्षे वापरले जात असल्यामुळे केवळ क्रमांकावर विसंबणे धोक्याचे असते, म्हणून मुखपृष्ठावरील पत्ता, किंमत आणि कागद हेही ताडून पाहावे लागतात. शिवाय त्या आवृत्त्यांत सर्व वाद्ये एकत्र दाखवणारी संहिता नसून प्रत्येक वाद्याची सुटी पाने असत, त्यामुळे संचातील एखाद्या वाद्याची पाने हरवली की प्रत अपुरी ठरते.

शोधाची सुरुवात सामान्यतः मोझार्टच्या रचनांच्या क्योखेल सूचीपासून होते, ज्यात ही रचना ६२२ क्रमांकाची आहे. त्यानंतर १९५२ मध्ये स्थापन झालेल्या ‘रिझम’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाच्या सूचीत कोणत्या ग्रंथालयात कोणती जुनी छापील प्रत आहे हे पाहता येते. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘आयएमएसएलपी’ या मुक्त संग्रहातही पुष्कळ जुनी छपाई मिळते, परंतु तेथील एखादी प्रत पहिली आवृत्ती आहे की नंतरच्या काळातील दुरुस्त आवृत्ती, हे मुखपृष्ठ न वाचता गृहीत धरू नये, कारण एकोणिसाव्या शतकातील संपादक स्वतःची आघात-चिन्हे आणि जोडरेषा मोझार्टच्या नावावर बिनदिक्कत घालत असत.

१९७७ मध्ये ‘नोये मोझार्ट आउसगाबे’ या समग्र आवृत्तीत फ्रान्झ गीगलिंग यांनी पारंपरिक रूपाबरोबर बॅसेट क्लॅरिनेटसाठीची पुनर्रचनाही छापली आणि २००६ पासून ही आवृत्ती महाजालावर विनामूल्य वाचता येते. ही पुनर्रचना तर्कावर उभी असल्यामुळे नंतरच्या वादकांनी कित्येक जागी वेगळे स्वर निवडले आणि तसे करताना प्रत्येकाला पुन्हा १८०१ ची पाने व १८०२ चे परीक्षण शेजारी ठेवावे लागले. श्टाडलरच्या १७९४ मधील रीगा येथील मैफलींच्या छापील कार्यक्रमपत्रिकेवर त्याच्या वाद्याचे चित्र आहे, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस लक्षात आल्यानंतर त्या वाद्याचा आकार तरी कळला आणि त्यावरून कारागिरांनी नव्याने बॅसेट क्लॅरिनेट घडवले.