फैजपूरची मागणी आणि संविधानाची सनद

26 नोव्हेंबरच्या सकाळी जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शाळा-महाविद्यालयांच्या पटांगणांत विद्यार्थी रांगेने उभे राहून संविधानाची उद्देशिका एका सुरात वाचतात, प्रभातफेऱ्या निघतात, निबंध व वक्तृत्वाच्या स्पर्धा होतात. 1949 साली याच तारखेस संविधान सभेने भारताचे संविधान स्वीकृत केले, आणि 2015 पासून हा दिवस देशभर संविधान दिन म्हणून पाळला जातो. परंतु ज्या मातीवर उभी राहून ही मुले उद्देशिकेचे वाचन करतात, त्या मातीचा या सनदेशी कोणता ऋणानुबंध आहे, हे त्यांना त्याच दिवशी सांगितले गेले, तर ते शब्द त्यांच्या अंतःकरणात अधिक खोल रुजतील, अशी माझी श्रद्धा आहे.

यावल तालुक्यातील फैजपूर येथे डिसेंबर 1936 मध्ये राष्ट्रसभेचे, म्हणजे काँग्रेसचे, पन्नासावे अधिवेशन भरले. तोवर मोठमोठ्या शहरांतून भरणारी ही सभा प्रथमच एका खेड्यात येत होती. तिच्यासाठी धनाजी नाना चौधरी यांच्यासारखे कार्यकर्ते अहोरात्र झटले, साने गुरुजींनी गावोगाव हिंडून लोकांना जागे केले आणि चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या ग्रामीण साहित्यातून अधिवेशननगरी सजविली. अध्यक्षस्थानी पंडित जवाहरलाल नेहरू होते. ज्या 1935 च्या कायद्याने प्रांतांना मर्यादित स्वायत्तता दिली, तो ब्रिटिश पार्लमेंटने रचला होता आणि त्यातील मताधिकार जमीनमहसूल, मालमत्ता व शिक्षण यांच्या अटींनी जखडलेला होता. म्हणजे ज्याच्या नावे सारा नाही आणि ज्याला अक्षरओळख नाही, अशा बहुसंख्य रयतेला राज्यकारभारात आवाजच नव्हता. हा कायदा नाकारून, प्रौढ मतदानाने निवडलेल्या संविधान सभेनेच देशाची राज्यघटना घडवावी, अशी मागणी फैजपुरास झाली; आणि तिच्याच जोडीला सारा व खंड कमी करावा, कर्जबाजारी शेतकऱ्यास दिलासा द्यावा, असा शेतकऱ्यांचा कार्यक्रमही तेथे संमत झाला. हक्काची भाषा आणि भाकरीची भाषा तेथे एकाच मंडपात बोलली गेली.

पुढे सुमारे दहा वर्षांनी, 13 डिसेंबर 1946 रोजी, त्याच नेहरूंनी दिल्लीच्या संविधान सभेत उद्दिष्टांचा ठराव मांडला. आजची उद्देशिका त्याच ठरावातून उमलली. ती सभा प्रौढ मतदानाने निवडलेली नव्हती, प्रांतिक विधिमंडळांच्या सभासदांनी तिचे बहुतांश सदस्य निवडले होते. परंतु त्या सभेनेच 326 व्या अनुच्छेदाने प्रत्येक प्रौढास मताचा अधिकार देऊन फैजपूरची आकांक्षा कायम केली. प्रारंभी 21 वर्षांची असलेली मतदानाची वयोमर्यादा 61 व्या घटनादुरुस्तीने 1989 मध्ये 18 वर आली. म्हणून महाविद्यालयाच्या रांगेत उभा असलेला अठरा वर्षांचा तरुण हा त्या मागणीचा साक्षात वारस आहे.

या वारशासाठी खानदेशातील विद्यार्थ्यांनी प्राणही दिले. त्या वेळच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातील नंदुरबार येथे 9 सप्टेंबर 1942 रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि बाल शिरीषकुमार मेहता व त्याचे सहकारी धारातीर्थी पडले. संविधानाच्या शिल्पकाराचेही या भूमीशी नाते आहे. त्यापूर्वी, 1937 च्या जुलैअखेर, एका खटल्याच्या वकिलीसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्यास आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. न्यायासाठी कोर्टाची पायरी चढणाऱ्या सामान्य माणसाची व्यथा ज्याने अशी जवळून पाहिली, त्याच पुरुषाने पुढे मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागण्याची मुभा देणाऱ्या 32 व्या अनुच्छेदास संविधानाचा आत्मा मानले.

उद्देशिकेच्या पलीकडे जे अनुच्छेद आहेत, ते खानदेशाच्या रोजच्या जीवनात काम करीत असतात. 17 व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. 21-क ने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. 226 व्या अनुच्छेदाखाली जळगाव-धुळ्याच्या नागरिकास छत्रपती संभाजीनगर येथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे याचिका दाखल करता येते. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर व साक्री या तालुक्यांतील आदिवासी गावांचा समावेश पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात होतो. म्हणजे ज्या यावल तालुक्यात ती मागणी उठली, त्याच तालुक्यातील सातपुड्याच्या गावांना संविधानाने विशेष संरक्षण दिले आहे.

तेव्हा शिक्षकांनी उद्देशिकेच्या सामुदायिक वाचनानंतर प्रत्येक वर्गास एकेक अनुच्छेद नेमून द्यावा. विद्यार्थ्यांनी आपल्या गावात, तलाठी कचेरीत, ग्रामसभेत वा आश्रमशाळेत जाऊन त्याचा अंमल कसा होतो याची चौकशी करावी आणि जे आढळेल ते पुढच्या सभेत गावकऱ्यांसमोर मांडावे. ज्या सनदेची मागणी येथे झाली आणि ज्या स्वातंत्र्यासाठी येथील विद्यार्थ्यांनी रक्त सांडले, त्यांचे स्मरण त्या सनदेची अंमलबजावणी तपासून आणि जिथे ती उणी पडते तिथे दाद मागूनच पूर्ण होईल.