भांड्याच्या तळाचा पांढरा थर

विहिरीचे किंवा बोअरवेलचे पाणी रोज उकळले, की भांड्याच्या तळाशी आणि गिझरच्या कॉइलवर खरखरीत पांढरा थर बसू लागतो, आणि घरोघरी ‘क्षार’ म्हणून ओळखला जाणारा हा थर पाण्याचा दोष समजून खरवडून टाकला जातो. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडक आणि शिंपले ज्या पदार्थाचे बनलेले असतात त्याच पदार्थाचा असतो. त्यातले कॅल्शियम जमिनीखालच्या खडकातून येते, हे सहज पटते. पण दख्खनच्या काळ्या पाषाणातून निघालेल्या पाण्याच्या बाबतीत त्याच थरातला कार्बन बहुतांशी मुळात हवेतला असतो. शंभर ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बांधला गेलेला असतो. अदृश्य वायूचा दगड करणारी ही प्रक्रिया पिण्याच्या पाण्याचे गुण ठरवते, आणि पृथ्वीचे तापमानही तिनेच कोट्यवधी वर्षे आवाक्यात ठेवले आहे.

कोरड्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि एक टक्क्याहून थोडा कमी आरगॉन असतो. कार्बन डायऑक्साइडचा वाटा जेमतेम ०.०४ टक्के भरतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू केली तेव्हा हे प्रमाण ३१५ च्या आसपास होते आणि आता त्याने ४२० चा आकडा ओलांडला आहे. प्रमाण अल्प असले, तरी नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या मानाने हा वायू पाण्यात कितीतरी सहज विरघळतो, आणि त्याचा काही भाग पाण्याशी संयोग पावून कार्बोनिक आम्ल तयार होते. सोडावॉटरची जिभेला जाणवणारी चुणचुणीत चव याच सौम्य आम्लाची. त्यामुळे हवा अगदी स्वच्छ असली, तरी पावसाचा थेंब किंचित आम्लधर्मीच असतो. आम्लता ‘सामू’ या मोजपट्टीवर मोजतात. तिच्यावर शुद्ध पाणी ७ या आकड्यावर असते आणि आकडा एकाने उतरला की आम्लता दसपट होते. निर्मळ पावसाचा सामू सुमारे ५.६ असतो, म्हणजे शुद्ध पाण्याच्या मानाने त्याची आम्लता सुमारे पंचवीसपट ठरते.

विजेच्या प्रचंड उष्णतेने हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन शेवटी नायट्रिक आम्ल बनते, तर कोळशातल्या गंधकापासून सल्फ्युरिक आम्ल बनते, आणि ही दोन्ही पावसाची आम्लता आणखी वाढवतात. इंग्लंडच्या कारखानदार शहरांवर पडणाऱ्या अशा पावसाचा सविस्तर अभ्यास रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी १८७२ च्या आपल्या ग्रंथात मांडला. भारतात मात्र जमिनीवरून उडणाऱ्या धुळीत चुन्याचा अंश बराच असतो आणि तो हवेतच आम्ल मारतो, म्हणून येथील पाऊस अनेक ठिकाणी अपेक्षेपेक्षा कमी आम्लधर्मी आढळतो.

तरीही खडकावर खरा प्रभाव पाडणारे आम्ल आकाशात नव्हे, तर मातीत तयार होते. मुळे आणि सूक्ष्मजीव श्वसनातून सतत कार्बन डायऑक्साइड सोडत असल्याने मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत या वायूचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या दहापट ते शंभरपट असू शकते. हा कार्बन वनस्पतींनी हवेतूनच घेतलेला असतो, आणि मुरणारे पाणी त्याने अधिक आम्लधर्मी होऊन खाली उतरते.

महाराष्ट्राच्या सुमारे चार पंचमांश भागात या पाण्याला खाली भेटतो तो बेसाल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला काळा पाषाण. यातली खनिजे सिलिकेट प्रकारची, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या सांगाड्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, लोह यांसारखी मूलद्रव्ये बसवलेली असतात. कार्बोनिक आम्ल हा सांगाडा हळूहळू पोखरते. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम सुटून पाण्यात येतात, आम्लाचे रूपांतर बायकार्बोनेट या विद्राव्य रूपात होते आणि पाण्याची आम्लता संपते. विहीर खणताना कठीण पाषाणाच्या वर जो ठिसूळ मुरूम लागतो, तो या पोखरण्याच्या अर्ध्या वाटेवरचा खडक होय, आणि त्याच वाटेने पुढे गेल्यावर काळी माती तयार होते. कोकणात आणि महाबळेश्वरच्या माथ्यावर पाऊस इतका पडतो की सिलिकाही मोठ्या प्रमाणात धुऊन जाते आणि लोह व ॲल्युमिनियम यांनी समृद्ध असा तांबडा जांभा मागे उरतो. उलट कमी पावसाच्या पठारावर कॅल्शियम मातीतच अडकून चुनखडीचे खडे बनतात.

खडकातून फिरून आलेल्या अशा पाण्याला लोक ‘जड पाणी’ म्हणतात, तर पाठ्यपुस्तकांत त्याला ‘दुष्फेन’ असे नाव आहे, कारण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात आणि फेस येत नाही. अशा पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, कारण डाळीच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन कॅल्शियममुळे अधिक घट्ट होते. भारतीय मानक ब्यूरोच्या निकषांनुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह असून दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येते. तथापि हेच बायकार्बोनेट उपयोगीही पडते. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की ती बायकार्बोनेटशी अभिक्रिया करते, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे कापसासारखे पुंजके तयार होतात आणि ते गाळाला घेऊन तळाशी बसतात. पाण्यात बायकार्बोनेट पुरेसे नसेल, तर जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीबरोबर चुनाही घालावा लागतो.

पाणी उकळताना आम्लाचे बायकार्बोनेट होण्याची क्रिया उलटी फिरते. कॅल्शियमच्या प्रत्येक अणूबरोबर विरघळलेल्या दोन बायकार्बोनेटांपैकी एकातला कार्बन वायू होऊन हवेत परततो आणि दुसऱ्यातला कॅल्शियमबरोबर तळाशी बसतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे हेच काम उन्हाने केले आहे. उल्कापाताने बेसाल्टमध्ये झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरातील सरोवरात झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी येते, पण बाहेर पडायला वाट नसल्याने ते केवळ बाष्परूपाने उडते. आटत जाणाऱ्या पाण्यातून कॅल्शियम कार्बोनेट आधी साक्यात जाते आणि सोडियमचे कार्बोनेट व क्लोराइड साठत राहतात, म्हणून या सरोवराचा सामू १० च्या आसपास गेलेला असतो.

जे लोणारला एका विवरात घडते, ते समुद्रात सजीवांकरवी घडते. नद्यांनी आणलेले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट वापरून प्रवाळ, शिंपले आणि सूक्ष्म प्लवक आपली कवचे घडवतात, आणि तेथेही दोनांतला एक कार्बन वायुरूपाने सुटतो व दुसरा तळाशी चुनखडक होऊन राहतो. जेम्स वॉकर, पी. बी. हेज आणि जेम्स कास्टिंग यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या विचारानुसार ही व्यवस्था स्वतःला सावरणारी आहे : पृथ्वी तापली की पाऊस आणि खडकांची झीज वाढून हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि ती थंडावली की झीज मंदावून ज्वालामुखींतून येणारा वायू हवेत साठू लागतो. पाण्यावाचून मात्र ही व्यवस्था चालत नाही : ज्याच्या पृष्ठभागावर द्रवरूप पाणीच उरलेले नाही अशा शुक्रावर ९६ टक्के कार्बन डायऑक्साइडचे दाट आवरण असून तेथील तापमान ४६० अंश सेल्सिअसच्या घरात आहे.

मात्र हे सावरणे लाखो वर्षांच्या गतीने चालते, तर कोळसा आणि खनिज तेल जाळून हवेत घातलेली भर दोन-अडीच शतकांतली आहे, त्यामुळे केवळ खडकांच्या भरवशावर राहता येणार नाही. आइसलँडमधील कार्बफिक्स प्रकल्पात २०१२ मध्ये पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड बेसाल्टमध्ये खोल सोडण्यात आला आणि त्याचा सुमारे ९५ टक्के भाग दोन वर्षांच्या आत कार्बोनेट खनिज झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. बेसाल्टची ही क्षमता खरी असली, तरी वायू वेगळा पकडून जमिनीत उतरवण्याचा खर्च तिच्या वापराला मर्यादा घालतो.

समुद्रतळाचा चुनखडक भूकवचाच्या हालचालींनी खोल ओढला जाऊन तापतो, तेव्हा त्यातला वायू ज्वालामुखींवाटे पुन्हा हवेत येतो आणि हे चक्र पूर्ण होते. घरात तेवढी उष्णता लागत नाही : पांढऱ्या थरावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर ओतला की तो फसफसतो, आणि वर येणाऱ्या बुडबुड्यांतून कधीकाळी पावसाबरोबर आणि मुळांवाटे जमिनीत उतरलेला वायू स्वयंपाकघराच्या हवेत मिसळतो.