सादरकर्ता आणि कलावंत : पं. कुमार गंधर्व यांच्या गायनाच्या संदर्भात

गाणे उत्तम येणे आणि कलावंत असणे या दोन गोष्टी आपण सहसा एकच समजतो. सुरेलपणा, लयीवरील पकड, तयारी, पाठांतर हे गुण ज्याच्या ठायी दिसतात त्याला ‘मोठा कलावंत’ म्हणण्याची रूढी आहे. वास्तविक हे गुण सादरीकरणाचे आहेत. त्यांच्याविना कलावंत घडत नाही. मात्र केवळ त्यांच्या बळावरही घडत नाही. पं. कुमार गंधर्व यांच्या चरित्रात हा भेद इतका स्पष्ट दिसतो की प्रस्तुत विवेचनासाठी त्यांचेच उदाहरण घेणे उचित ठरते.

शिवपुत्र कोमकली हे त्यांचे मूळ नाव. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथला. जेमतेम तीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका ऐकून तीतील गायकाची प्रत्येक हरकत, प्रत्येक मुरकी हुबेहूब गाऊन दाखविणारा हा बालक १९३६ साली मुंबईच्या संगीत परिषदेत गायला आणि थक्क झालेल्या श्रोत्यांनी त्याला डोक्यावर घेतले. सादरकर्ता म्हणून मिळवायचे ते बहुतेक सारे त्याला तेव्हाच मिळाले होते! परंतु त्यानंतर तो प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकावयास राहिला. जे गळ्यात आपसूक उतरले होते ते तसे का आहे, हे समजून घेण्याचा काळ येथून सुरू झाला.

पुढे क्षयरोग जडला. जानेवारी १९४८ मध्ये ते हवापालटासाठी माळव्यातील देवास येथे गेले आणि सुमारे पाच वर्षे त्यांचे गाणे बंद राहिले. या काळात ते केवळ ऐकत होते. माळव्याची लोकगीते ऐकताना रागांचे मूळ धुनांत आहे हा विचार त्यांच्या मनात दृढ होत गेला. मालवती, लगनगांधार, संजारी हे त्यांचे ‘धुनउगम’ राग याच चिंतनाचे फळ होत. मौज प्रकाशनाने १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात त्यांच्या स्वरचित बंदिशी संगृहीत आहेत.

एक फुप्फुस निकामी झाल्यामुळे त्यांची गायकी छोट्या स्वरावलींची बनली, असे मत वारंवार मांडले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. दमसास घटल्याने दीर्घ आलाप का गेला हे त्यातून कळेल. त्याच्या जागी जे आले ते इतके अर्थपूर्ण का, हे कळणार नाही.

नवे राग निर्माण करणे हीच कलावंताची खूण, असा मात्र याचा अर्थ नव्हे. धारवाडचे पं. मल्लिकार्जुन मन्सूर यांनी राग रचण्याचा ध्यास घेतला नाही. नीलकंठबुवा मिरजकरांकडील ग्वाल्हेरची तालीम पूर्ण करून नाव मिळविलेले असतानाही ते मंजीखाँसाहेबांकडे, व १९३७ साली त्यांचे निधन झाल्यावर भुर्जीखाँसाहेबांकडे, जयपूर गायकी शिकले. येणाऱ्या गाण्यावर संतुष्ट न राहणे, हे दोघांतील साम्य मोलाचे आहे.

आपल्या महाविद्यालयीन स्पर्धांत परीक्षक बहुधा हुबेहूबपणालाच गुण देतात. ध्वनिमुद्रिकेची जागा आता मोबाइलने घेतली आहे आणि भाईंदर पूर्वेच्या चाळीतील मुलगाही आज कोणत्याही गायकाची तान दहा वेळा ऐकून गळ्यावर चढवू शकतो. ही सोय वाईट नाही. कुमारांचा आरंभही असाच होता. (लोकलच्या डब्यात रोज भजन गाणाऱ्या मंडळींत एखादा असा भेटतो की तोच अभंग तो कालच्यासारखा गात नाही. त्याला स्पर्धेत गुण मिळतील की नाही, शंकाच आहे.) प्रश्न त्या तानेनंतर काय, हा आहे.

प्रौढपणी कुमारांनी बालगंधर्वांची नाट्यपदे गायली तेव्हा त्या कार्यक्रमाला नाव दिले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. नकलेत ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता त्यांनी बालगंधर्वांच्या आवाजाची नक्कल येथे केली नाही. पदे तीच होती. त्यांतील लयीचा आणि शब्दांच्या उच्चारणाचा विचार मात्र ऐकणाऱ्याला कुमारांकडून नव्याने कळत होता.