रसिकांचा वाद

सोलापूर हे कापडाचे शहर होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या भोंग्यांवर शहराचा दिवस उगवू व मावळू लागला. त्या जुन्या गिरण्या आता बंद पडल्या आहेत. तथापि चादरी व टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांचा खडखडाट येथे अद्याप ऐकू येतो. पोटासाठी महाराष्ट्रातून, आंध्र-तेलंगणातून आणि कर्नाटकातून माणसे या शहरी आली व येथलीच झाली. त्यामुळे एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा सहज कानी पडतात. इतर अनेक शहरांप्रमाणे याही शहराला एक छंद आहे. तो म्हणजे चित्रपट पाहणे, त्यांतील गाणी ऐकणे आणि ऐकून झाल्यावर त्यांविषयी हिरिरीने वाद घालणे.

हा वाद बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन ठेपतो : गाणी जुनी चांगली की नवी? आजोबा म्हणतात, "पूर्वीच्या गाण्यांत शब्द होते, सूर होते, आता नुसता गोंगाट आहे." नातू म्हणतो, "आजोबा, तुमची गाणी फार संथ. आमच्या गाण्यांत जोम आहे, नाना तऱ्हेची वाद्ये आहेत." दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात आणि दोघांचेही थोडेथोडे चुकत असते. हा वाद नीट समजून घ्यावयाचा, तर चित्रपटातील गाणे कसे जन्मले व कसे वाढले, हे प्रथम पाहिले पाहिजे.

भारतातील पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. त्याला संगीत दिले गोविंदराव टेंबे यांनी, आणि त्यातील राजा हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांनीच केली. त्या काळी जो नट तोच गायक असे. वादकांना कॅमेऱ्याच्या दृष्टीआड बसवीत आणि चित्रण चालू असतानाच नट गाई. १९३५ च्या सुमारास गाणे अगोदर मुद्रित करून घेण्याची व नटाने त्यावर केवळ ओठ हलविण्याची रीत सुरू झाली. हेच पार्श्वगायन. ज्याला अभिनय येतो त्याने अभिनय करावा आणि ज्याच्या गळ्यात सूर आहे त्याने गावे, अशी ही श्रमविभागणी होती. तिच्यामुळे गाणे सुधारले. परंतु गाणारा मात्र पडद्याआड गेला.

जुने गाणे साधारण तीन मिनिटांचेच का, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर ध्वनिमुद्रिकेत आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे. म्हणून संगीतकार आपली चाल तेवढ्यात आटोपशीर बसवीत. मुद्रणाच्या वेळी गायक आणि सारे वादक एकाच दालनात जमत. शेवटच्या ओळीला एखाद्याचा सूर चुकला, तरी गाणे पुन्हा पहिल्यापासून म्हणावे लागे. आज प्रत्येक वाद्य निरनिराळ्या वेळी, प्रसंगी निरनिराळ्या गावी मुद्रित होते आणि संगणकाच्या साह्याने ते एकत्र जुळविले जाते. चुकलेली जागा तेवढीच दुरुस्त करता येते. जुन्या रीतीत सर्वांनी एका श्वासाने गाण्याची एकजूट होती; नव्या रीतीत बारकाव्याची सोय आहे. साधन बदलले की गाणे बदलते. त्यात कोणाचा दोष नाही.

या साऱ्या इतिहासाचे धागे सोलापूरच्या भूमीशीही जोडलेले आहेत. १९३८ सालच्या सप्टेंबर महिन्यात मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या गायनाचा कार्यक्रम या शहरात झाला. त्यांच्यासह त्यांची थोरली कन्याही रंगमंचावर बसली होती. तिला नववे वर्ष पुरे व्हावयाचे होते. तिने खंबावती राग आळविला आणि नाट्यपदेही म्हटली. पुढे वडील गाऊ लागले, तेव्हा ती त्यांच्या मांडीवर डोके ठेवून झोपी गेली! ही मुलगी म्हणजेच लता मंगेशकर. त्यांच्या जाहीर गायनाचा आरंभ असा सोलापुरात झाला. त्याच वर्षी सोलापूरचे सुपुत्र डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस युद्धात जखमी झालेल्यांची शुश्रूषा करण्यासाठी चीनला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या जीवनावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. त्याचे संगीत वसंत देसाई यांचे होते. पुढे 'श्यामची आई' या १९५३ च्या मराठी चित्रपटासही त्यांनीच संगीत दिले.

पंढरपूर येथे जन्मलेले जब्बार पटेल यांनी १९७७ मध्ये 'जैत रे जैत' हा चित्रपट केला. त्यात ठाकर या आदिवासी जमातीचे जीवन आहे. ना. धों. महानोर यांच्या शब्दांना हृदयनाथ मंगेशकर यांनी चाली दिल्या. येथे गाणी कथेच्या मध्ये येऊन थांबत नाहीत. कथाच गाण्यांतून पुढे सरकते. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी २०१६ मध्ये 'सैराट' काढला व त्याचे पुष्कळसे चित्रण आपल्याच तालुक्यात केले. त्याला अजय-अतुल या बंधूंनी संगीत दिले. त्यासाठी अमेरिकेतील लॉस एंजलिस येथे पाश्चात्त्य पद्धतीचा मोठा वाद्यवृंद वाजविण्यात आला. उजनीकाठचा ऊस, केळीच्या बागा आणि खेड्यातील पोरे पडद्यावर, आणि त्यांच्यामागे सातासमुद्रापलीकडील व्हायोलिने! काहींना हे विजोड वाटले. परंतु खेड्यातील मुलामुलींच्या मनातील आनंदही तेवढाच विशाल असू शकतो, हे अनेकांना त्या सुरांनीच पटवून दिले.

चित्रपटातील संगीत म्हणजे केवळ गाणी नव्हेत. प्रसंगाच्या मागे जे वाद्यसंगीत चालते, त्याला पार्श्वसंगीत म्हणतात. ते ऐकले जाते. पण ते ऐकत आहोत याचे भान राहत नाही. त्याचे मोल कळण्यासाठी १९३७ चा 'कुंकू' पाहावा. एका तरुण मुलीचे वृद्ध विधुराशी लग्न लावले जाते, अशी ती कथा आहे. केशवराव भोळे यांचे संगीत असलेल्या या चित्रपटात प्रसंगांमागे वाद्ये न वाजविता घरादारातील स्वाभाविक आवाजांचाच उपयोग केला आहे. म्हाताऱ्याच्या घरातील घड्याळ टिकटिक करते आणि प्रेक्षकाच्या मनात ते सरत्या वयाची जाणीव करून देते. कोठे वाजवावे हे कळणे ही कला आहे. कोठे वाजवू नये हे कळणे, ही त्याहून कठीण कला आहे.

आता श्रोत्यांकडे वळू. रसिकांच्या बोलण्याने, लिहिण्याने काय होते, असे कोणी विचारील. १९४९ मध्ये 'महल' नावाचा हिंदी चित्रपट आला. त्यातील एका गीताने लोकांना वेड लावले. पण ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून चित्रपटातील पात्राचेच 'कामिनी' हे नाव छापलेले होते. श्रोत्यांनी नभोवाणीकडे पत्रांवर पत्रे धाडली : "हे गाणे कोणी म्हटले?" अखेर खरे नाव जाहीर करावे लागले. ते नाव होते लता मंगेशकर. सोलापूरच्या रंगमंचावर गाऊन अकरा वर्षे झालेल्या त्या मुलीचे नाव श्रोत्यांच्या आग्रहाने घरोघर पोहोचले. केवळ "छान" म्हणून न थांबता "कोणाचे?" असे विचारणारा श्रोता कलावंताला न्याय मिळवून देतो.

दुसरे उदाहरण पाहा. १९५२ मध्ये केंद्रीय मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. लोकांच्या कानी अभिजात संगीत पडावे, असा त्यांचा हेतू होता. शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रमही त्याच वर्षी सुरू झाला आणि त्याने अनेक गुणी गायक-वादक देशाला ऐकविले. परंतु चित्रपटगीतांचे चाहते रेडिओ सिलोनकडे वळले. त्या केंद्रावरील गीतांच्या क्रमवारीचा कार्यक्रम आणि त्याचे निवेदक अमीन सयानी यांचा आवाज गावोगाव ओळखीचा झाला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने 'विविध भारती' सुरू केली आणि चित्रपटगीते सन्मानाने घरी परतली. चांगले ऐकावे, असे सांगता येते. आवडीवर बंदी घालता येत नाही. शिवाय ज्या गीतांना तेव्हा हलकी म्हणून दूर ठेवले, त्यांतील कित्येकांना आज 'सुवर्णकाळातील गीते' म्हणतात, हेही विसरता कामा नये.

मग जुने सरस की नवे? येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जुन्या काळी काय थोडी सुमार गाणी झाली? तीही पुष्कळ झाली; पण लोक ती विसरून गेले. काळाच्या चाळणीतून जी उरली, तीच आज आपण ऐकतो. नवी गाणी मात्र अजून चाळली जावयाची आहेत; त्यांत गहू आणि खडे एकत्रच आहेत. म्हणून पूर्वीचे निवडक धान्य आणि आजचे न निवडलेले धान्य यांची तुलना करणे न्यायाचे नाही. शिवाय प्रत्येकाला आपल्या तरुणपणीची गाणी अधिक गोड वाटतात. कारण त्यांत स्वतःच्या आठवणींचा सूर मिसळलेला असतो.

याचा अर्थ सर्व गाणी सारखीच, असा नव्हे. पारख करावयाची, ती चार प्रश्न विचारून करावी. गाणे प्रसंगाला शोभते का? शब्द स्पष्ट कळतात का आणि त्यांत काही अर्थ आहे का? चाल स्वतःची आहे, की कोठून उचललेली आहे? आणि दहा वेळा ऐकल्यावर ते फिके पडते, की अधिक उलगडते? या कसोटीवर कित्येक जुनी गाणी उतरणार नाहीत, आणि कित्येक नवी गाणी झळकून उठतील.

आजोबांच्या एका तक्रारीकडे मात्र दुर्लक्ष करून चालणार नाही. मिरवणुकीत कर्ण्यांच्या भिंती उभारून गाणी वाजविली जातात, तेव्हा छाती धडधडते, तान्ही मुले दचकून रडतात, आजारी माणसे हैराण होतात. वस्तीच्या भागात दिवसा आवाज ५५ डेसिबलच्या आत असावा, असा नियम आहे. त्याहून फार मोठा आवाज दीर्घकाळ ऐकल्यास श्रवणशक्ती कायमची अधू होते. तथापि हा दोष गाण्याचा नसून आवाज चढविणाऱ्या हाताचा आहे. ज्या कानांनी गाणे ऐकावयाचे तेच बधिर झाले, तर जुने काय आणि नवे काय!

सोलापूरच्या बहुभाषिक वस्तीने या वादाला आणखी एक पैलू दिला आहे. येथे एका घरात मराठी लावणी आवडते, शेजारी तेलुगू गीते चालतात, पलीकडे कन्नड भक्तिगीते ऐकू येतात. 'आरआरआर' या तेलुगू चित्रपटातील गीताला २०२३ मध्ये ऑस्कर पुरस्कार मिळाला. त्या गीताच्या तालावर पाय थिरकण्यास तेलुगू येण्याची अट नव्हती. शेजाऱ्याचे गाणे कान देऊन ऐकणे, ही शेजाऱ्याची भाषा शिकण्याची पहिली पायरीच होय.

रसिकांचा वाद असा उपकारक असतो. तो मिटावा अशी अपेक्षा नसते. तो नीट व्हावा, एवढीच असते. आजोबांनी नातवाचे एक गाणे शेवटपर्यंत ऐकावे, नातवाने आजोबांचे एक ऐकावे आणि मग खुशाल भांडावे. न ऐकता नाक मुरडणारा टीकाकार होऊ शकेल. रसिक होणार नाही.

अभ्यास

१. जुनी गाणी साधारण तीन मिनिटांची का असत?
२. 'महल' चित्रपटाच्या श्रोत्यांनी कोणता आग्रह धरला? त्याचा परिणाम काय झाला?
३. 'कोठे वाजवू नये हे कळणे, ही त्याहून कठीण कला आहे', हे विधान 'कुंकू' चित्रपटाच्या आधारे स्पष्ट करा.
४. 'काळाची चाळणी' म्हणजे काय, ते पाठातील विवेचनाच्या आधारे सांगा.
५. घरातील वडीलधाऱ्या माणसांना त्यांच्या आवडीचे एक गाणे विचारा. ते ऐकून, पाठातील चार प्रश्नांच्या आधारे त्याविषयी दहा ओळी लिहा.