प्रोस्टेटचं ऑपरेशन आणि रक्त पातळ करणारी गोळी

प्रोस्टेटच्या ऑपरेशनची तारीख ठरली की अनेक घरांत वडिलांची रक्त पातळ करणारी गोळी त्याच दिवशी बंद होते. शेजारच्या काकांनीही बंद केली होती, एवढंच कारण पुरतं. पण काकांची गोळी वेगळी असते आणि ती सुरू होण्यामागचा आजारही वेगळा असतो.

या सगळ्या गोळ्या सारख्याच, हा सर्वांत मोठा गैरसमज. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाहीत. हा परिणाम प्लेटलेटच्या आयुष्याइतका, म्हणजे ७ ते १० दिवस टिकतो. म्हणून क्लोपिडोग्रेल थांबवायचीच असेल तर ५ ते ७ दिवस आधी थांबवतात. वॉरफेरिन साधारण ५ दिवस आधी बंद करून आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, तपासतात. अपिक्साबानला बहुधा २ दिवस पुरतात. मात्र लघवी तुंबून मूत्रपिंडाचं काम मंदावलं आणि रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं असेल, तर डाबिगाट्रानसारखं औषध शरीरात जास्त काळ रेंगाळतं. प्रोस्टेटच्या रुग्णांत हे नेहमी पाहावं लागतं.

शिवाय आपल्याकडे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचं औषध एकाच कॅप्सूलमध्ये मिळतं. ती कॅप्सूल बंद केली की तिन्ही औषधं बंद होतात. कोलेस्टेरॉलचं औषध थांबवण्याची गरज नसते आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट असलेल्यांची ॲस्पिरिन शक्यतो चालूच ठेवतात. म्हणून डॉक्टरांना गोळीचं नाव सांगून भागत नाही, पाकीटच दाखवायला हवं.

स्टेंट नवा असेल तर घाई कोणीही करू नये. हृदयविकाराच्या झटक्यानंतर स्टेंट बसवला असेल तर तातडीची नसलेली शस्त्रक्रिया शक्यतो वर्षभर पुढे ढकलतात. तोवर लघवी सुटायला मदत करणाऱ्या टॅमसुलोसिनवर किंवा कॅथेटरवर काम भागवता येतं. कॅथेटरचा जाच मोठा आहे, हे खरं. पण स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जीव जाऊ शकतो. गोळी थांबवणं धोक्याचंच असेल, तर कमी रक्तस्राव होणाऱ्या लेझर शस्त्रक्रियेबद्दल जरूर विचारावं.

‘गोळी बंद, मग पोटात रक्त पातळ करणारं इंजेक्शन हवंच’ हेही सर्वांना लागू नाही. हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे वॉरफेरिन घेणाऱ्या रुग्णांवरचा ब्रिज नावाचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. इंजेक्शन न घेणाऱ्यांत गुठळ्या लक्षणीय वाढल्या नाहीत. मोठा रक्तस्राव त्यांच्यापैकी १.३ टक्के रुग्णांत झाला, इंजेक्शन घेणाऱ्यांत ३.२ टक्के. हृदयात धातूची कृत्रिम झडप असलेल्यांचा हिशेब मात्र निराळा.

ऑपरेशननंतर लघवी स्वच्छ झाली म्हणजे धोका टळला, असंही नाही. आतल्या जखमेची खपली साधारण दुसऱ्या आठवड्यात सुटते आणि लघवी पुन्हा लाल होऊ शकते. त्या दिवसांत शौचाला कुंथू नये. वैद्यकीय बंधन नसेल तर पाणी भरपूर प्यावं. लघवीतून गुठळ्या पडू लागल्या किंवा लघवी अडली, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावं. गोळी पुन्हा कोणत्या तारखेला सुरू करायची, हे घरी जातानाच सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांकडून कागदावर लिहून घ्यावं.