खोल समुद्रातले जीव मोजतं कोण? मासेमारी बोटीवरच्या ‘निरीक्षका’ची गोष्ट

नागपूरला समुद्र नाही. पण महाराष्ट्र वन विभागाचं मुख्यालय नागपुरात आहे आणि याच विभागाचा कांदळवन कक्ष कोकणातल्या समुद्री जीवांकडेही लक्ष देतो. २०१८ पासून राज्यात एक योजना सुरू आहे. व्हेल शार्क किंवा समुद्री कासवासारखा संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो.

यातून जीव वाचतो आणि एक नोंदही तयार होते. व्हेल शार्क आपल्याला पाण्याच्या वरच्या थरात दिसतो, पण तो १,००० मीटरपेक्षा खोलही बुडी मारतो. अशा जिवाची प्रत्येक नोंद मोलाची.

मग यावरून त्यांची संख्या कळते का?

नाही. समजा, एका वर्षी १० कासवं सोडली आणि पुढच्या वर्षी २०. कासवं वाढली? की जाळी जास्त वेळा टाकली गेली? की योजनेची माहिती जास्त लोकांना झाली? नुसत्या सुटकेच्या आकड्यावरून हे सांगता येत नाही.

निरीक्षक नेमकं काय करतो?

काही देशांत मोठ्या मासेमारी जहाजांवर एक स्वतंत्र निरीक्षक असतो. जाळं कुठे टाकलं, किती खोल, किती तास, हे तो लिहितो. विकायची मासळी तर मोजतोच, पण परत समुद्रात फेकलेले जीवही मोजतो. मुख्य म्हणजे, जाळ्यात काहीच आलं नाही तर तेही लिहितो. या ‘शून्या’मुळेच तुलना शक्य होते.

खोल पाण्यासाठी हे का महत्त्वाचं?

२०० मीटरखाली सूर्यप्रकाश जेमतेम पोहोचतो. संशोधन जहाजं महागडी आणि मोजकी असतात, मासेमारी मात्र वर्षातले अनेक महिने चालते. शिवाय खोल पाण्यातल्या काही गल्पर शार्क एका वेळी एक-दोनच पिल्लं देतात. त्यांची संख्या घटली, तर भरून यायला खूप काळ लागतो. घट उशिरा कळून चालत नाही.

त्रुटी कोणत्या?

बोट मासळी मिळते तिथेच जाते, त्यामुळे बाकीचा समुद्र नोंदीत येत नाही. निरीक्षक समोर असला की खलाशांचं वागणंही बदलू शकतं. हिंदी महासागर टुना आयोगाच्या २०११ च्या ठरावात २४ मीटर किंवा त्याहून लांब जहाजांच्या किमान ५ टक्के मासेमारीवर निरीक्षक हवा, असं म्हटलं होतं. म्हणजे उरलेली ९५ टक्के नजरेआड राहू शकते. भारत या आयोगाचा सदस्य आहे, पण कोकणातल्या बहुतेक बोटी २४ मीटरपेक्षा लहान आहेत.

म्हणूनच इथे तांडेलाचा मोबाइल कामाचा आहे. फोटोसोबत जागा, खोली आणि त्या फेरीत जाळं किती वेळा टाकलं हेही लिहिलं, तर भरपाईचा अर्ज संशोधनाची नोंद ठरू शकतो. रिकामं आलेलं जाळंही त्यात मोजायला हवं.